भिंग आधी पायांवर

इंग्रजी अमदानीतल्या कचेरीचा किंवा छावणीचा ग्रुप फोटो हाती आला, की नजर मधल्या खुर्चीवरच्या साहेबाकडे जाते. फोटोग्राफरने मांडणीच तशी केलेली असते. मी मात्र भिंग आधी पायांवर नेते.

पायांत काय घालावे यावर तेव्हा सरकारी हुकूम होते. विलायती बूट-मोजे घालणाऱ्या एतद्देशीयांनी सरकारी समारंभाला बुटांसह यायला हरकत नाही, असे १८५४ साली गव्हर्नर जनरलने ठरवून दिले. देशी जोडा मात्र बाहेरच काढायचा. सुरतेच्या न्यायालयात १८६२ मध्ये माणेकजी कावसजी एंटी या पारशी असेसरांना (न्यायाधीशाच्या सल्लागारांना) जोड्यांवरून अडवले, आणि त्यांनी ते निमूट सोसले नाही. म्हणून धोतराखाली चकचकीत काळे बूट दिसले, की ती नुसती हौस म्हणून मी सोडून देत नाही. त्या बुटांनी उंबऱ्याच्या आत जाता येत होते. त्याच फोटोत जमिनीवर बसलेले पट्टेवाले बहुधा अनवाणी असतात. त्यांच्या अंगावरचा पट्टा आणि पितळी बिल्ला मात्र अगदी स्पष्ट उठलेला असतो, कारण ते दिसणे साहेबाला हवे असते.

डोक्याकडे मग येते. साहेबाची टोपी पुष्कळदा मांडीवर, केस उघडे. हाताखालचे सगळे पागोट्यात, पगडीत. मोठ्यांसमोर बोडके जाणे आपल्याकडे असभ्य आणि त्यांच्याकडे टोपी उतरवणे सभ्य, त्यामुळे एकाच रांगेत दोन रिवाज शेजारी बसलेले असतात. पण बोडके बसण्याची मुभा एकालाच दिसते. रंगाबद्दल फार जपून बोलावे लागते. त्या वेळच्या फोटोच्या काचांवर लाल रंग जवळजवळ उमटतच नसे, म्हणून लालभडक पगडी छापात काळी दिसते आणि फिकट निळा अंगरखा पांढरा. जरीचा पिवळा काठही काळवंडतो.

या सवयीने पहिल्या काँग्रेसचा फोटो बघावा. डिसेंबर १८८५, मुंबईचे गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेज. अधिवेशन पुण्यात व्हायचे होते, कॉलऱ्यामुळे इकडे आले. ७२ प्रतिनिधी. अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी विलायती सुटाबुटात वावरणारे बॅरिस्टर. आजूबाजूला पारशी टोप्या, मराठी पगड्या, मद्रासी पागोटी. इथे कुणी कुणाला काय घाल म्हणून सांगितलेले नाही, आणि मला हा फोटो त्यासाठीच मोलाचा वाटतो. खुर्च्यांची उतरंड मात्र कचेरीतून जशीच्या तशी आलेली आहे.

कचेरीच्या फोटोंखाली साहेबांची नावे हुद्द्यांसकट असतात. पट्टेवाल्यांना सरसकट ‘नोकर मंडळी’. कारकुनाचे नाव जुन्या पगारपत्रकांत, पेन्शनच्या कागदांत शोधता येते, पण त्यासाठी फोटो कुठे आणि केव्हा काढला ते आधी कळावे लागते. ते स्टुडिओच्या छापावरून कळते, आणि तो छाप असतो खालच्या पुठ्ठ्यावर. घरी पणजोबांचा असा फोटो असेल तर नव्या फ्रेममध्ये बसवण्यासाठी तो पुठ्ठा कापू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिलेले असेल तर तेही पुसू नका.