‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ आणि माझे गेलेले २७ हजार



मागच्या आठवड्यात गारखेड्यातला एक मुलगा लॅपटॉप घेऊन दुकानात आला. घेऊन सहा महिने झाले नाहीत आणि मशीन रडायला लागलं. क्रोम उघडलं की भलतंच सर्च पेज. कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी लाल चौकट, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १,३४२ चुका सापडल्या’. विचारलं, काय डाउनलोड केलं होतंस? म्हणाला, “सर, काहीच नाही. फक्त मराठी टायपिंगचं फ्री सॉफ्टवेअर.”

हे ‘फक्त’ मी गेली दहा-बारा वर्षं ऐकतोय. गुगलने विंडोजसाठीचं ऑफलाइन इनपुट टूल देणं कधीच बंद केलं. पण अर्ज भरणाऱ्यांना, शाळेतल्या क्लार्कला, नोटीस टाइप करणाऱ्या वकिलाला ते अजून हवं असतं. मग शोधाशोध होते, कुठल्यातरी तिसऱ्याच साइटवर माणूस पोहोचतो, तिथे मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण असतं (ती जाहिरात असते, खरं बटण खाली बारीक अक्षरात) आणि मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. टायपिंगचं सॉफ्टवेअर येतं, सोबत आणखी तीन पाहुणे येतात. खरं तर याची गरजच नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. सेटिंगमध्ये जाऊन भाषा जोडायची, एवढंच.

त्या मुलाचं मशीन साफ करून दिलं. पण आज मला त्याच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल सांगायचंय. कारण हे पाहुणे लोकांच्या मशीनमध्ये घुसवणाऱ्यांत एकेकाळी मी पण होतो.

२०१४ सालची गोष्ट. बीबीए होऊन तीन वर्षं झालेली, दुकान टाकून एक. भाडं ७ हजार आणि महिन्याच्या २५ तारखेपासून पोटात गोळा. एक माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला. म्हणाला, तुम्ही फॉरमॅट मारता तेव्हा पीडीएफ रीडर, व्हिडिओ प्लेअर, झिपचं सॉफ्टवेअर टाकताच ना? ते आमच्या पेनड्राइव्हवरून टाका. सोबत चार छोटे प्रोग्राम जातात. प्रत्येक इन्स्टॉलला १० रुपये. “कस्टमरचं काही जात नाही, साहेब. सगळं फ्री आहे.”

मी कॅल्क्युलेटर काढला. दिवसाला चार मशीन, मशीनमागे ४० रुपये, म्हणजे १६०. महिन्याचे २५ दिवस धरले तर ४ हजार. अर्ध्याहून जास्त भाडं सुटलं! मी हो म्हणालो.

दोन महिने पैसे वेळेवर आले. तिसऱ्या महिन्यात वाळूजच्या एका कॉन्ट्रॅक्टरचा फोन. त्यांच्या ऑफिसच्या ९ मशीनचं एएमसी माझ्याकडे होतं, मशीनमागे वर्षाला ३ हजार. त्या दिवशी संध्याकाळी टेंडर भरायची मुदत होती आणि त्यांच्या अकाउंटंटच्या स्क्रीनवर एकामागून एक खिडक्या उघडत होत्या. मी धावत गेलो, टेंडर कसंबसं भरलं गेलं. मग शेठनी बसवून विचारलं, “काय रे, हे तू टाकलंस का?”

मी म्हणालो, “शेठ, ते फ्री सॉफ्टवेअरसोबत येतं.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तरी ते सगळं खोटं होतं. शेठना कळलं. चहा पाजला, हिशोब चुकता केला आणि पुढच्या वर्षीचं एएमसी दुसऱ्याला दिलं. त्यांच्या ९ मशीनवर मी कमावले होते ३६० रुपये. गेले वर्षाचे २७ हजार. शिवाय ते ज्यांना माझं नाव सांगायचे ती माणसं वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, तू छोटा माणूस, लालूच लागली. पण मोठ्यांनीही हेच केलंय. ओरॅकलच्या जावाचं उदाहरण घ्या. तेव्हा ई-टेंडर आणि डिजिटल सिग्नेचरसाठी जावा लागायचंच, त्यामुळे सीए आणि कॉन्ट्रॅक्टरच्या प्रत्येक मशीनवर ते असायचं. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये ‘आस्क टूलबार’ची टिक आधीच मारलेली असायची. ती काढायला विसरलात की टूलबार आत. त्यातही गंमत अशी की तो लगेच यायचा नाही, दहा मिनिटं थांबून यायचा. तोवर माणूस कंट्रोल पॅनल बघून निघून गेलेला! जून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या टूलबारच्या जुन्या व्हर्जन्सना नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवलं.

सोर्सफोर्जचा किस्सा तर प्रत्येक धंदेवाल्याने वाचावा असा आहे. फुकट सॉफ्टवेअर ठेवण्याची जगातली एक मोठी, नावाजलेली जागा. २०१३ मध्ये त्यांनी योजना आणली की इन्स्टॉलरसोबत दुसऱ्यांच्या ऑफर द्यायच्या आणि कमाईतला वाटा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाही द्यायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी तिथून मुक्काम हलवला. मे २०१५ मध्ये उघड झालं की ते गेल्यावरही सोर्सफोर्ज त्यांच्या विंडोज इन्स्टॉलरला ऑफर चिकटवून वाटतंय. एवढा बोभाटा झाला की विचारू नका. २०१६ मध्ये साइट विकली गेली आणि नव्या मालकांनी पहिल्यांदा ती योजनाच बंद केली. पण लोक तोवर दुसरीकडे गेले होते.

पैसा किती होता यात? गुगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अभ्यास मांडला होता. एका इन्स्टॉलमागे १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत दर मिळायचा. तेव्हाच्या भावाने साधारण ७ ते १०० रुपये. म्हणजे मला मिळणारे १० रुपये साखळीतला शेवटचा चुरा होता.

दुसरी बाजूही ऐकून घ्या, कारण ती अगदीच पोकळ नाही. सॉफ्टवेअर बनवणारा म्हणतो, मी वर्षभर राबून टूल केलं, लाखो लोक वापरतात, देणगी द्या म्हटलं तर कुणी दहा रुपये देत नाही. सर्व्हरचं बिल कोण भरणार? जाहिरात तर टीव्हीवरही असते, पेपरातही असते. खरंय. कॅलेंडरवर किराणा दुकानाचं नाव छापलेलं असतं म्हणून आपण ते भिंतीवर लावायचं सोडत नाही.

पण त्यालाच पुढचा प्रश्न विचारा. टिक आधीपासून मारू नकोस, रिकामी ठेव, ज्याला हवं तो मारेल. चालेल? तो म्हणतो, मग कुणीच मारणार नाही. इथे खरं बाहेर येतं. म्हणजे तुझी कमाई त्या प्रोग्रामच्या उपयोगातून नाही, माझ्या लक्ष नसण्यातून आहे.

आपल्या मराठवाड्यात याचा भाऊबंद सगळ्यांना माहीत आहे, खतातलं लिंकिंग. पेरणीच्या तोंडावर युरिया किंवा डीएपी मागितलं की सोबत नको असलेलं दुसरं काहीतरी घ्यावं लागतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, कंपनीच आमच्या गळ्यात मारते. दोन्हींतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. लिंकिंगमध्ये शेतकऱ्याला दिसतं, पण नाही म्हणता येत नाही. इन्स्टॉलरमध्ये नाही म्हणता येतं, पण दिसत नाही. पहिल्यात माणूस त्याच दिवशी चिडतो. दुसऱ्यात सहा महिन्यांनी कळतं, आणि तेव्हा चिडतो तो सॉफ्टवेअर कंपनीवर नाही, मशीन शेवटचं ज्याच्या हातात होतं त्याच्यावर. म्हणजे तुमच्या-माझ्यावर.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार आहेत. भलतंच ॲप डाउनलोड करायला लावणं ‘जबरदस्तीची कृती’ या प्रकारात येतं. व्हायरसची खोटी भीती दाखवून बनावट सफाईचं सॉफ्टवेअर विकणं हा वेगळा प्रकार, म्हणजे त्या मुलाच्या स्क्रीनवरची लाल चौकट. आधीच मारलेल्या टिकला हे सगळं किती लागू होतं यावर वकील भांडतील, पण ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाने ती यादी एकदा वाचा. तुमच्या वेबसाइटच्या कार्टमध्ये ‘गिफ्ट पॅकिंग ₹३०’ आपोआप पडत असेल तर तो ‘बास्केट स्नीकिंग’ आहे, आणि तिथे तुम्हीच त्या पेनड्राइव्हवाल्याच्या जागी आहात. ग्राहकाला तक्रारीसाठी १९१५ नंबर आहे, हेही लक्षात ठेवा.

व्हीएलसी प्लेअर माहीत असेल. त्याच्यामागचा मुख्य माणूस जाँ-बाप्तिस्त केम्फ. जाहिराती आणि टूलबार जोडण्यासाठी आलेल्या कोट्यवधींच्या ऑफर नाकारल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलंय. तो संत आहे म्हणून हे सांगत नाही. तेवढा दम माझ्यात २०१४ मध्ये नव्हता, आणि भाडं थकलेलं असताना तुमच्यातही असेलच असं नाही. म्हणून मोहाची वेळ यायच्या आधीच दुकानाची पद्धत ठरवलेली बरी.

माझ्या दुकानात आता असं चालतं. फॉरमॅटनंतरची नेहमीची सॉफ्टवेअर ‘नाईनाईट’वरून टाकतो, ते टूलबारला आपणहून नाही म्हणतं. जे तिथे मिळत नाही ते फक्त बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरून. अँटिव्हायरस मी आजही विकतो आणि त्यात मार्जिनही घेतो, पण आधी विचारून आणि बिलावर वेगळी ओळ टाकून. पोरांना वाटतं बंडल म्हणजेच पाप. तसं नाही. ‘फॉरमॅट आणि एक वर्षाचा अँटिव्हायरस मिळून एवढे’ असं काउंटरवर बोर्ड लावून विका ना, बिनधास्त विका!

आणि बिलाच्या मागे मशीनमध्ये टाकलेल्या प्रत्येक प्रोग्रामचं नाव पेनाने लिहितो. सुरुवातीला कस्टमर हसायचे. हल्ली सिडकोतले एक निवृत्त मास्तर ती यादी चष्मा लावून वाचतात आणि एखादं नाव ओळखीचं नसलं तर विचारतात, “हे कशाला टाकलंय रे?” परवा एका नावावर मलाही सांगता येईना. तिथेच काढून टाकलं.

शनिवारच्या व्हिडिओत जुन्या लॅपटॉपवर असा एक इन्स्टॉलर स्क्रीनवर चालवून दाखवतो, टिक कुठे कुठे लपवतात ते थांबून थांबून बघू. बिलामागच्या यादीचा नमुनाही त्यातच देतो.