खोपा पाहा, जीव निवेल

मैत्रिणींनो, निंदणी करून अंग दमतं, पण कर्जाचा घोर झोपू देत नाही. म्हणून आम्ही गटातल्या बाया सकाळी दहा मिनिटं ओट्यावर बसून पाखरं पाहतो.

पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं, पण या खोप्यावर त्यांनी गाणं रचलं. खोपा विणतो नर. अर्धा झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तरच राहते.

एकेक पात विणली जाताना पाहिली की मन तिथंच रमतं, श्वास संथ होतो. कर्ज फिटत नाही, पण पुढचं सुचतं.

अंगणात परळात पाणी ठेवा, रोज बदला. तरीही घोर हटला नाही, तर एकटीनं सोसू नका; गटात बोला.