ऐकावे नेटके – लेखांक ६ : आधी गळा, मग बास

स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवावेत यावर गेल्या आठवड्यात आपण बरीच डोकेफोड केली. त्यावर अनेकांचं म्हणणं पडलं, की स्पीकर ठेवायला घरात जागा कुठे आहे, आम्ही कानात घालूनच ऐकतो, त्याबद्दल लिहा. मागणी रास्त आहे. तेव्हा या आठवड्यात इन-इअर, म्हणजे रबराची टिप कानाच्या नळीत सरकवून बसवायचे इअरफोन. पाळीच्या आत नुसते वरवर अडकवायचे ते नव्हेत.

पहिला प्रश्न नेहमी किमतीचा येतो, म्हणून तो आधी निकालात काढू. २०१७ साली ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं त्यांच्या बाजारभावाशी ताडून पाहिली. खालचे, मधले आणि वरचे स्वर यांचा तोल महागड्या हेडफोनांत जास्त चांगला सांभाळलेला असतो, असं काही त्याला दिसलं नाही. किंमत आणि तोल यांचा एकमेकांशी संबंधच लागेना. तेव्हा ‘किती पैसे घालू’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि ‘मी ऐकतो काय’ हे आधी ठरवा.

आपण मराठी माणसं ऐकतो काय? अभंग, भावगीतं, नाट्यपदं, ख्याल, जुनी सिनेमाची गाणी. अपवाद सोडले तर सगळीकडे गळा पुढे आणि वाद्यं साथीला. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्यसप्तकातला सा साधारण १३९ हर्ट्झवर येतो, खर्जातला सा त्याच्या निम्म्यावर. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा सा २३३ च्या आसपास. शब्द स्पष्ट कळतात ते मात्र बऱ्याच वरच्या पट्ट्यात, हजार ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान, कारण व्यंजनांचे बरेचसे बारकावे तिथे असतात. थोडक्यात, आपल्या कामाचा जवळपास सगळा ऐवज मधल्या भागात आहे.

आणि स्वस्त बाजारातले बहुतेक इअरफोन नेमका हाच भाग दाबतात. खोक्यावर ‘एक्स्ट्रा बास’ असं ठळक छापलेलं असतं. तळाचा बास उचलायचा, वरची चमक उचलायची आणि मध्ये खड्डा सोडायचा, अशी ही तऱ्हा. आलेखावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ दिसते म्हणून शौकीन मंडळी याला ‘व्ही-शेप’ म्हणतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानदाराने लावलेलं गाणं मिनिटभर ऐकलं तर असा इअरफोन झकास वाटतो. ‘झिंगाट’साठी तर तो खड्डा चालूनच जातो, किंबहुना मजा वाढते. घरी येऊन किशोरी आमोणकरांचा विलंबित ख्याल लावला की मात्र पंचाईत होते. डग्ग्याचा घुमारा फुगून वर चढतो आणि दोनशे-अडीचशे हर्ट्झपर्यंत पसरतो, म्हणजे थेट बाईंच्या षड्जावर. तंबोरे मागे सरकतात. आवाज ऐकू येतो, पण गाणारी दोन खोल्या पलीकडे बसली आहे असं वाटत राहतं. माझं स्पष्ट मत आहे, की ज्याच्या ऐकण्यात तीन चतुर्थांश गळा आहे त्याने ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेलं खोकं हातातसुद्धा धरू नये.

इथे थोडं शास्त्र आलंच. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. बाहेरचं टोक उघडं, आतल्या टोकाला पडदा. अशा नळीतली हवा तीन हजार हर्ट्झच्या आसपास आपोआप घुमते. त्यामुळे त्या पट्ट्यातला आवाज आपल्याला जन्मापासून थोडा वाढवूनच ऐकू येत आलेला आहे आणि मेंदू त्यालाच ‘नैसर्गिक’ समजतो. नळीच्या तोंडाशी रबर बसवलं की हा घुमारा मोडतो, म्हणून इअरफोन बनवणाऱ्याला तो मुद्दाम भरून द्यावा लागतो. कमी भरला तर गायक पडद्याआड गेल्यासारखा वाटतो. जास्त भरला तर तारसप्तकात गायिका अंगावर येते, पेटी कर्कश लागते आणि सनई नकोशी होते. किती भरावा, याचा शोध घ्यायला हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोते बसवून चाचण्या घेतल्या. बहुतेकांना पसंत पडणारा एक तोल त्यातून निघाला. इअरफोनांच्या परीक्षणांत ‘हर्मन टार्गेट’ म्हणतात ते हेच. बहुतेकांना म्हणजे सर्वांना नव्हे. काहींना त्याहून जास्त बास लागतो, काहींना कमी. गळ्याच्या गाण्यासाठी मला स्वतःला त्यातला बास चिमूटभर जास्तच वाटतो.

हे सगळं जमून आलेला इअरफोनही कानात नीट बसला नसेल तर फुकट आहे, आणि बहुतेकांच्या कानात तो नीट बसलेला नसतो. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा टिपांच्या जोड्या येतात. इअरफोनवर आधीपासून लावलेली मध्यम जोडी काढून पाहण्याचे कष्ट फारसं कोणी घेत नाही. कान आणि टिप यांच्यात केसभर फट राहिली तरी पहिला बळी बासचा जातो, मग आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो आणि माणूस म्हणतो, ‘याला बासच नाही.’ म्हणून चाचणी अशी करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन पाळीचं वरचं टोक धरा, हलकेच वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. मग उजव्या हाताने इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडा. आता गाणं न लावताच बोलून पाहा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला लागला, घोट गिळलेला मोठ्याने ऐकू आला, तर फट बुजली. नंतर एखादा सावकाश ठेका लावा, दादरा किंवा विलंबित एकताल. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवलं की आवाजाला जो बाक येतो तो पूर्ण ऐकू यायला हवा. नुसता ‘धप्’ आला आणि बाक हरवला तर टिप बदला. दोन्ही कानांना एकाच मापाची टिप लागेल असंही नाही. कित्येकांचा एक कान लहान असतो. सिलिकॉनची एकही टिप टिकत नसेल तर स्पंजसारख्या फोमच्या टिपा मिळतात. त्या बोटात दाबून बारीक करायच्या, आत घालायच्या आणि फुगेपर्यंत धरून ठेवायच्या. लवकर मळतात आणि बदलाव्या लागतात, एवढाच त्यांचा दोष.

आत किती घालायचं यानेही आवाज बदलतो. टिप आणि पडदा यांच्यातल्या उरलेल्या जागेत बऱ्याचदा आठ हजार हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार होतो, आणि भजनातले टाळ खणखणतात ते याच मुलखात. भीमसेन जोशींचे अभंग ऐकताना टाळ सुईसारखे टोचू लागले तर लगेच इअरफोनला नावं ठेवू नका. आधी तो जरा आत घालून पाहा किंवा अरुंद टिप लावा. टाळ मऊ झाले नाहीत तरच दोष त्याचा.

आता पैसे. भाव वरखाली होत राहतात, तरी ढोबळ अंदाज देतो. पाचशेच्या आत वर सांगितलेला खड्डा बहुधा मिळणारच. हजाराच्या अलीकडे-पलीकडे केझेड या चिनी कंपनीचे इअरफोन मिळतात. पैशाच्या मानाने मजबूत, पण बरेचसे व्ही-शेपच्याच घराण्यातले. खरी गंमत दीड ते अडीच हजारांत आहे. चेंगडूच्या मूनड्रॉप कंपनीचा ‘चू २’ आणि सेव्हन हर्ट्झचा ‘झीरो २’ हे या भावातले दोन जाणते पर्याय. दोन्हींत एकेकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे छोट्या स्पीकरसारखी कंप पावणारी चकती, आणि दोन्हींची केबल सुटी होते. पाच-सहा वर्षांपूर्वी या पैशांत असा तोल मिळत नव्हता. ‘झीरो २’चा आवाज उबदार, सिनेसंगीत, भावगीत आणि थोडंफार नवं असं मिश्र ऐकणाऱ्याला तो मानवेल. ‘चू २’ वरच्या अंगाला जास्त मोकळा.

सात हजारांच्या आसपास गेलात तर ट्रूथिअरचा ‘हेक्सा’ पाहा. त्यात एक डायनॅमिक ड्रायव्हर आणि तीन बॅलन्स्ड आर्मेचर आहेत. हे आर्मेचर मूळचे श्रवणयंत्रांतले, शेंगदाण्याहून लहान. बास जेमतेम, गळा समोर, तंबोऱ्याची जवारी मोकळी. ख्याल ऐकणाऱ्याला डोळे झाकून सांगावा असा. ढोलकीच्या शौकिनाला मात्र तो मिळमिळीत वाटेल, आणि त्याचं काही चुकत नाही. याच्या पुढे वीस हजार, पन्नास हजार, लाखाच्यावरही इअरफोन आहेत. तिथे पैसे मोजता ते बारकाव्यांना, बांधणीला आणि हौसेला. चौदा ड्रायव्हर आहेत म्हणून चौदा पट गाणं मिळत नाही.

खोक्यावरचे ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे आकडे वाचण्यात वेळ घालवू नका. जवळपास प्रत्येक खोक्यावर तेच असतात. इन-इअर फोनवर सहज वाजतात, त्यासाठी वेगळा अँप्लिफायर लागत नाही. फोनला जुनं गोल भोक नसेल तर टाइप-सीचं डोंगल घ्या, काम भागतं.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या दर्दींसाठी वेगळं सांगतो. बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ च्या तबकड्यांवर टाळांच्या त्या वरच्या मुलखात संगीत नावालाच असतं; तिथे असते ती मुख्यतः खरखर. चमक वाढवलेल्या इअरफोनमध्ये ही खरखर आधी ऐकू येते आणि गाणं नंतर. अशांनी उबदार, वरून जरा झाकलेला आवाजच पसंत करावा. त्यासाठी दोन हजारांच्या वर जाण्याचं कारण नाही आणि ‘लॉसलेस’ची वर्गणी भरण्याचं तर त्याहून नाही.

बिनतारीचं काय? लोकलमध्ये, बसमध्ये सोय मोठी, वाद नाही. पण त्या चिमुकल्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकायला लागतात आणि बहुतेकांच्या बदलता येत नाहीत. तारेचा इअरफोन केबल बदलून वर्षानुवर्षं चालतो. घरी बसून ऐकायचं असेल तर तारेचाच घ्या. प्रवासात टिप नीट बसलेला इन-इअर बाहेरचा गोंगाट बराच अडवतो आणि मग आवाज फार चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की हे तास निम्म्यावर येतात. दुचाकीवर तर कानात काहीच घालू नका.

शेवटी एक देखभालीची गोष्ट. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला की इअरफोन बिघडला समजून लोक तो कचऱ्यात टाकतात. पुष्कळदा बिघडलेलं काहीच नसतं, टिपेखालच्या बारीक जाळीवर कानातला मळ बसलेला असतो. टिप काढा, जाळीचं तोंड जमिनीकडे करा म्हणजे मळ आत पडणार नाही, आणि कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडा. टाचणी घालू नका, जाळी फाटते. टिपा वेगळ्या धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत लावा.

पुढच्या आठवड्यात फोनमधला इक्वलायझर : आहे त्याच इअरफोनमधून नको असलेला बास कसा उतरवायचा ते.