राऊटरवाचून बिनतारी छपाई

शाळेत अथवा शिक्षकाच्या राहत्या घरी प्रिंटर असूनही तो कपाटावर झाकून ठेवला जातो, याचे कारण पुष्कळदा एका गैरसमजात असते. गावात इंटरनेट नाही, राऊटर नाही, तेव्हा मोबाइलमधील मजकूर छापता येणार नाही, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः छपाईस इंटरनेट लागत नाही. मोबाइल व प्रिंटर यांना एकमेकांशी बोलण्याची वाट तेवढी हवी असते, आणि ती वाट पुष्कळसे बिनतारी प्रिंटर स्वतःच निर्माण करू शकतात.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनभागात ही गोष्ट क्षुल्लक नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग खुंटतो. २०१९ च्या पावसाळ्यात असे वारंवार घडले. अशा दिवसांत चार पानांच्या छपाईसाठी तालुक्याचे गाव गाठणे शक्य होत नाही. शिवाय ज्या वर्गात मुले घरी माडिया किंवा गोंडी बोलतात, तेथे पाठ्यपुस्तकातील मराठी शब्दांशेजारी मुलांच्या बोलीतील शब्द मांडलेला तक्ता शिक्षकालाच तयार करावा लागतो. तो बाजारात मिळत नाही. मुलांना विचारून सकाळी टिपलेले शब्द दुपारी छापून त्यांच्या हाती देता आले, तर पहिलीच्या मुलाला शाळेची भाषा कमी परकी वाटते.

शहरातील घरांत राऊटर नावाची पेटी दोन निरनिराळी कामे करते, व त्यामुळेच वरील घोटाळा होतो. बाहेरचे इंटरनेट घरात आणणे हे एक काम. घरातील प्रत्येक साधनाला क्रमांक देऊन त्यांचे निरोप परस्परांस पोचविणे हे दुसरे. छपाईस दुसरे कामच पुरेसे आहे. २०१० साली वाय-फाय अलायन्स या संस्थेने ‘वाय-फाय डायरेक्ट’ या पद्धतीची प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. या पद्धतीत ते दुसरे काम जोडल्या जाणाऱ्या साधनांपैकीच एक साधन पत्करते, आणि येथे ते साधन बहुधा प्रिंटरच असते. तो आपले नाव जाहीर करतो, आलेल्या मोबाइलला क्रमांक देतो व त्याने धाडलेले पान कागदावर उतरवितो. यासाठी वापरात येणाऱ्या लहरी बहुधा २४०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या असतात. रेडिओच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांब असतात. या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या वापरास भारत सरकारने २००५ साली परवान्यातून सूट दिली आहे. जाड भिंत किंवा पत्रा आड आल्यास लहर क्षीण होते. यास्तव दोन्ही साधने एकाच खोलीत ठेवावीत.

जोडणी करताना प्रथम प्रिंटरवरील वाय-फाय डायरेक्ट चालू करावे आणि त्याच्याच यादीतून माहितीचे पान छापून घ्यावे. त्यावर प्रिंटरचे नाव व पासवर्ड मिळतो. नंतर मोबाइलच्या वाय-फायच्या यादीत इंग्रजी अक्षरांत ‘डायरेक्ट’ या शब्दाने आरंभ होणारे नाव शोधून तो पासवर्ड भरावा. काही प्रिंटर पहिल्या वेळी आपल्यावरील बटण दाबून संमती मागतात. आयफोनही याच रीतीने, साध्या वाय-फायप्रमाणे, जोडता येतो.

येथवर कोणी अडत नाही. अडचण पुढच्याच क्षणी येते. मोबाइल सांगतो की या जोडणीवर इंटरनेट नाही. अनेकजण येथे काहीतरी बिघडले असे समजून माघार घेतात. परंतु ही सूचना खरी असून निरुपद्रवी आहे. ‘जोडलेले राहा’ हा पर्याय निवडावा. तरीही मोबाइल आपणहून दुसरीकडे वळत असेल व ‘प्रिंटर सापडत नाही’ असे म्हणत असेल, तर छपाईपुरता मोबाइल डेटा बंद करावा. मराठी मजकूर पीडीएफ करूनच छापावा, म्हणजे जोडाक्षरे फुटत नाहीत. एखाद्या प्रिंटरला कंपनीचे ॲप लागते; ते रेंज असलेल्या ठिकाणी आधीच उतरवून ठेवले पाहिजे. रेंज गेल्यावर ते आठवून उपयोग नाही.

प्रिंटरला वाय-फाय आहे पण ही सोय नाही, अशा वेळी एका मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून प्रिंटर त्यास जोडावा. हॉटस्पॉट मग राऊटरची जागा घेतो. छपाईत डेटा खर्च होत नाही. मात्र त्याच हॉटस्पॉटवर संगणकही असेल तर तो गुपचूप डेटा ओढतो, म्हणून येथेही डेटा बंद ठेवणे बरे. मुळात वाय-फायच नसलेल्या प्रिंटरसाठी केबल हाच उपाय होय.

विजेचा विचार प्रिंटर घेण्यापूर्वीच करावा. लेझर प्रिंटर शाई तापवून कागदावर बसवितो, त्यामुळे छापताना तो काही शे वॅट वीज ओढतो. लहान इन्व्हर्टर त्याखाली बसतो. शाईच्या टाकीचा प्रिंटर थोड्याशाच विजेवर चालतो. वनभागासाठी दुसराच इष्ट. पावसाळ्यात मात्र त्याचे कागद घट्ट बंद पिशवीत ठेवावेत. दमट कागदावर शाई पसरते व पाने एकमेकांस चिकटून आत ओढली जातात.

पासवर्डाबाबत निष्काळजीपणा नको. काही प्रिंटरांत तो आरंभी सर्वांस ठाऊक असलेला, साध्या आकड्यांचा असतो. तो बदलला नाही तर भिंतीपलीकडून कोणीही छापू शकतो, आणि काही यंत्रांत त्यांच्या मांडणीतही शिरू शकतो. पासवर्ड बदलून एका चिठ्ठीवर लिहावा व ती चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी, प्रिंटरवर चिकटवू नये. शिक्षकाची बदली झाल्यावर येणाऱ्याने तो पुन्हा बदलावा व जुने जोडलेले मोबाइल यादीतून काढून टाकावेत.