घड्याळ नाडी कशी पाहते?

श्रोतेहो, बर्डीच्या बाजारात घड्याळाच्या दुकानापुढे क्षणभर उभे राहा. हल्लीची घड्याळे वेळ तर सांगतातच, पण तुमच्या हृदयाचे ठोकेही सांगतात. असे एखादे घड्याळ पालथे करून पाहिले, तर पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. या एवढ्याशा दिव्यांचा आणि हृदयाचा संबंध काय?

वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहतात. बोटांना कळतो तो रक्ताचा धक्का. घड्याळाला बोटे नाहीत, त्याला डोळा आहे. आता असे पाहा, रक्त लाल का दिसते? तांबडा प्रकाश ते परत पाठवते आणि हिरवा गिळते, म्हणून. ठोका पडला की कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढते आणि हिरवा प्रकाश अधिक गिळला जातो. ठोका ओसरला की परत येणारा प्रकाश वाढतो. हा फरक इतका अल्प, की शंभरात एक-दोन भाग भरला तरी पुष्कळ! दिव्याशेजारचा प्रकाशग्राहक तो टिपतो आणि त्या चढउतारांवरून मिनिटाचे ठोके काढले जातात.

कल्पना तशी जुनी आहे. बोटांतील रक्तप्रवाह प्रकाशाने मोजण्याचे आपले काम अमेरिकेतील ॲल्रिक हर्ट्झमन यांनी 1937 साली प्रसिद्ध केले. करोनाच्या साथीत, 2020-21 मध्ये, घरोघरी बोटाला लावला गेलेला चिमटा याच कुळातला. मात्र त्याला रक्तातला प्राणवायू जोखायचा असतो, म्हणून तो तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश वापरतो.

खुर्चीत बसून ठोके मोजणे सोपे; खरी कसोटी धावताना. महाराजबागेकडे पहाटे धावत निघालेले एखादे गृहस्थ घ्या. हात हलतो, घड्याळ सरकते, कातडीतले रक्तही हिंदकळते. पावले मिनिटाला 160 आणि ठोके 130 असले, तर घड्याळ पावलांनाच ठोके समजून 160 दाखवू शकते. यासाठी आत हालचाल मोजणारा आणखी एक बारीक भाग बसवलेला असतो. त्याचा हिशेब वजा करून ठोके निराळे काढतात. ही वजाबाकी बहुधा जमते, नेहमीच नाही. शिवाय डिसेंबरच्या थंडीत कातडीतल्या वाहिन्या आखडतात, त्यामुळे खूण मंदावते. मनगटावर दाट गोंदण असेल, तर त्याची शाईही प्रकाश अडवते.

तेव्हा घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण काचणार नाही असे बांधा. आकड्याची शंका आली, तर थांबून लगेच नाडीवर बोटे ठेवा, 15 सेकंद ठोके मोजा आणि चाराने गुणा. छातीला बांधायचा पट्टा हृदयाची विद्युत्-लहरच टिपतो, म्हणून धावताना तो अधिक भरवशाचा.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. छातीत दुखू लागले, दम कोंडला किंवा घेरी आली, तर घड्याळातला आकडा कितीही साधा असो, धावणे थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. घड्याळाला दिसतो तो कातडीतून परतलेला उजेड. छातीतली कळ तुम्हालाच कळते.