चाकोरी, मुरूम आणि बारीक टायर

‘चाकोरी’ हा शब्द आपण आता बहुधा नाक मुरडूनच वापरतो. चाकोरीबाहेरचा विचार तो चांगला, चाकोरीतले जगणे ते कंटाळवाणे. शब्दाचा मूळ अर्थ मात्र साधा आहे. गाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेला खोलगट पट्टा म्हणजे चाकोरी. मी हा शब्द नव्याने शिकलो तो पुस्तकात नव्हे, तर वारणेच्या कालव्यालगतच्या मुरमाच्या रस्त्यावर, बारीक टायरच्या सायकलवरून पडता पडता.

वारणानगर परिसरात अलीकडे रविवारी सकाळी शर्यतीच्या घाटाच्या सायकली दिसू लागल्या आहेत. खाली वळलेल्या मुठी, हलकी चौकट आणि अंगठ्याएवढे बारीक टायर. कोकरूड, आरळा करत ही मंडळी मणदूरपर्यंत जातात आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी थांबतात. फाटकापलीकडे डांबर संपते आणि मुरमाची वाट जंगलात शिरते. परत येताना त्यांच्यापैकी कोणीतरी हमखास विचारतो, “ही सायकल त्या वाटेवर चालेल का?”

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. यंत्राला झेपेल का, हा एक. चालावी का, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीत आहे असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे दाब. चाक जमिनीवर किती दाब टाकते आणि वाट किती दाब सोसते.

आधी यंत्राचे पाहू. सायकल, स्वार आणि पाण्याची बाटली मिळून ८० किलो वजन धरले, तर मागच्या चाकावर साधारण ४८ किलो येते. टायरमध्ये १०० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो हवा असेल, तर टायर जमिनीला टेकतो तो भाग जेमतेम ७ चौरस सेंटिमीटरचा, काडेपेटीच्या निम्म्याहूनही कमी. हवा निम्मी केली की हाच ठसा दुप्पट होतो, जवळजवळ अख्ख्या काडेपेटीएवढा. टायरला शाई लावून तो आलेखाच्या कागदावर टेकवून पाहिला, तर हा फरक घरच्या घरी दिसतो. मी तसा पाहिला आहे.

डांबरी रस्त्यावर लहान ठसा चालतो, कारण खालचा पृष्ठभाग हलत नाही. मुरमावर तोच लहान ठसा खड्यांमध्ये रुततो किंवा खड्यावरून उडतो. प्रत्येक उडीत सायकल आणि आपले अंग वर उचलले जाते, आणि त्यासाठी लागणारी ताकद आपल्याच पायांतून जाते. ‘हवा टणक तितकी सायकल पळते’ ही समजूत गुळगुळीत पृष्ठभागापुरती बरी. खडबडीत वाटेवर ती उलटते. थोडा मऊ टायर खडा पोटात घेतो आणि सायकल पुढे सरकत राहते.

मात्र हवा कमी करण्यालाही मर्यादा आहे. टायर बारीक आणि हवा कमी, अशा वेळी दगडावर आदळताच ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. कालव्याच्या रस्त्यावर माझे नेमके हेच झाले होते. २५ मिलिमीटरच्या टायरला म्हणूनच फारशी मोकळीक नसते. २८ने बरेच साधते. चौकटीत जागा असेल तर ३२ सर्वांत सोयीचा. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा ‘अठ्ठावीस-दीड’ टायर जवळजवळ ४० मिलिमीटर रुंद असे. दुधाच्या किटल्या लटकवून ती सायकल पाणंदीतून निमूट का चालायची, याचे उत्तर या आकड्यात आहे.

हवेचा टायर जन्मला तोच मुळी वाईट रस्त्यासाठी. बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो बनवला, कारण भरीव रबराच्या चाकांवर पोराला हादरे बसत होते. पुढे सायकलस्वारांनीच चांगल्या रस्त्यांसाठी चळवळी केल्या. रस्ते सुधारले आणि सुधारलेल्या रस्त्यांवर टायर बारीक आणि टणक होत गेले. मधली आठवण मात्र पुसली गेली. १९२३ मध्ये मुंबईहून सहा तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर पुरे करून १९२८ मध्ये परतले. त्या वाटचालीत डांबर किती आणि माती-खडी-वाळू किती, याचा अंदाज कोणालाही करता येईल. ब्रिटनमध्ये १९५५ साली खडबडीत वाटांवर साध्या सायकली चालवणाऱ्यांनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ स्थापन केली. इटलीतल्या तोस्काना प्रांतात पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवरची ‘स्त्रादे बियांके’ ही शर्यत २००७ पासून होते, आणि तिथे आजही शर्यतीच्याच सायकली धावतात. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. रुंद टायर, कमी हवा आणि संयम असेल, तर सायकल चालते.

ती चालवायची कशी, हे आता वाटेच्या बाजूने पाहू. मुरूम म्हणजे बेसाल्ट कुजून झालेला भरडा. त्यात खडेही असतात आणि त्यांना धरून ठेवणारी बारीक मातीही. ओल बेताची असेल तेव्हा ही माती खड्यांना बांधते. म्हणून दिवाळीच्या सुमारास मुरमाची वाट सर्वांत घट्ट लागते. फाल्गुन-चैत्रात माती धूळ होऊन उडते आणि खडे सुटे पडतात. सड्यांवर जांभा आहे. त्याचे गोल खडे चाकाखाली छऱ्यांसारखे सरकतात. अशा वाटेवर मूठ घट्ट आवळू नये, वजन किंचित मागे ठेवावे, पुढचा ब्रेक जपून वापरावा आणि वळणावर सायकल कलती करू नये. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे चाकोरी सोडू नये. वाटेच्या मध्ये आणि कडेला सुटी खडी साठते. चाकोरीत मात्र आधीच्या चाकांनी मुरूम दाबून घट्ट केलेला असतो. मी पडता पडता वाचलो तो चाकोरीत परतल्यामुळेच.

मुरमाच्या रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्याही उठतात. कीथ मॅथर यांनी त्यांची कारणे १९६३ मध्ये मांडली, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ती पुन्हा तपासली. निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. ठरावीक वेगाच्या वर गेलेले चाक लहानशा उंचवट्यावरही उसळते, पडते तिथे खडी ढकलते आणि वळी तयार होते. त्या वेगाखाली पृष्ठभाग सपाट राहतो. म्हणजे वाट बिघडवण्यात वजनाइतकाच वेगाचाही वाटा आहे.

वजनाचे उदाहरण आपल्या दारात आहे. जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. अरुंद आणि टणक. तिचा ठसा इतका लहान, की भरलेली गाडी ओल्या वाटेत सुरीसारखी उतरत असे. त्यातूनच खोल चाकोऱ्या पडत. पुढे रबरी टायरची गाडी आली. ऊसपट्ट्यात तिला आजही ‘डनलॉप’ म्हणतात. बेलफास्टच्या त्या डॉक्टरांचे नाव वारणाकाठच्या गाडीवानाच्या तोंडी असे रुळले. गळीत हंगामात ही गाडी धावेच्या गाडीपेक्षा जास्त ऊस ओढते, आणि वाट कमी कापते. रुंद ठसा म्हणजे जमिनीवर कमी जुलूम, हा धडा आपल्या भागाने सायकलस्वारांच्या आधीच गिरवला आहे.

आता दुसरा भाग. चालावी का?

चांदोलीला १९८५ मध्ये अभयारण्याचा आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. कोयना अभयारण्यासह ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा क्षेत्रात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग तुम्ही पायी असा, जीपमध्ये असा की सायकलवर. मी आत गेलो तो परवाना काढून, जीपने, वाटाड्यासह. मुरमाची वाट मी काचेतून पाहिली आहे.

सायकलचा आवाज नाही, धूर नाही, मग हरकत काय, असे विचारले जाते. आवाज नसणे हीच खरी अडचण आहे. जीपची घरघर गव्याला दुरून कळते. उतारावरून वळणाशी येणारी सायकल कळत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानालगतच्या जंगलात वेगाने जाणारा एक सायकलस्वार वळणावर थेट अस्वलावर आदळला आणि मारला गेला. चूक अस्वलाची नव्हती.

मग राष्ट्रीय उद्यानात सायकल नकोच का? तसेही नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्यावर सायकली फिरतात, राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षी पाहण्यासाठी फिरतात. मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते अमेरिकेतील अकेडिया उद्यान. तिथे जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी १९१३ ते १९४० या काळात घोडागाड्यांसाठी खडीचे रस्ते बांधले. त्यांवर मोटारींना मज्जाव आहे. उद्यानातल्या सुमारे ७० किलोमीटर रस्त्यांवर आजही लोक चालतात आणि सायकली चालवतात. ते टिकले, कारण मध्ये फुगवटा, कडेला गटार आणि जागोजागी मोऱ्या ठेवून पाणी रस्त्यावर थांबू दिले नाही. खडीच्या रस्त्याचे शास्त्र मांडणाऱ्या मॅकअॅडम यांचेही सांगणे हेच होते, की खालची जमीन कोरडी ठेवा, ती भार सोसेल.

चांदोलीत ही गोष्ट अधिक निकडीची आहे. इथला पाऊस प्रचंड आहे. निचरा बिघडलेल्या वाटेवरचा मुरूम ओढ्यात जातो, ओढ्यातून वसंतसागर जलाशयात. ३४.४ टीएमसीच्या त्या पाण्यावर खालचा ऊस उभा आहे. उपाय म्हणून कोणी डांबरीकरण सुचवले, तर मी विरोध करीन. डांबर झाले की वेग वाढतो, आणि जंगलातल्या वाटेचा खरा रखवालदार तिचा खडबडीतपणाच असतो.

आणि या वाटा मुळात कोणाच्या? धरणाने आणि अभयारण्याने खोऱ्यातली गावे उठली. खालच्या मैदानात त्यांच्या वसाहती झाल्या. जमीन आणि पाण्यासाठी धरणग्रस्तांनी आणि अभयारण्यग्रस्तांनी भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलासोबत दीर्घ लढे दिले. अशाच एका वसाहतीत एका वृद्ध गृहस्थांना मी मुरमाच्या वाटेबद्दल विचारले. ते म्हणाले, “ती आमची गाडीवाट हाय, पाव्हणं. आमची भांडीकुंडी त्याच वाटंनं खाली आली. शेवटची गाडी गेली, तवा पावसानं चाकोरी भरल्याली.”

त्यानंतर मी फाटकापाशी सायकल टेकवतो तेव्हा आत जाण्याची घाई होत नाही. माझे मत आता असे आहे. गाभ्याच्या क्षेत्रात हौसेच्या सायकलींना मोकळीक नको. उद्या बाहेरच्या पट्ट्यात एखादी वाट उघडायची झाली, तर ती अकेडियासारखी असावी. ठरावीक, मोजक्या सायकलींची, निचरा नीट राखलेली आणि मंद. वाटाड्या असावा तो उठलेल्या गावांतला, कारण त्या वाटेवर पहिली चाकोरी त्याच्या आजोबांच्या गाडीने पाडली आहे. तोवर बारीक टायरला शिकण्यासाठी कालव्याचे रस्ते आणि उसातल्या पाणंदी पुष्कळ आहेत. तिथे हवा थोडी उतरवावी, वेगही उतरवावा, आणि डनलॉप समोरून आली तर आपण बाजूला व्हावे. चाकोरी तिची आहे.