महाड-पोलादपूरचा पाहुणा रात्री थांबतो कुठे?

मे महिन्यातील शनिवारी सकाळी महाडच्या नाक्यावर उभे राहावे. मुंबई, ठाणे, पुण्याच्या गाड्यांची रीघ लागलेली असते. कुणी रायगडला चाललेला, कुणी पोलादपूरवरून महाबळेश्वरला, तर कुणी कशेडी ओलांडून चिपळूण-गोव्याकडे. ही रीघ पाहून आपला व्यापारी खूश होतो. पण त्याच दिवशी रात्री नऊ वाजता त्याच नाक्यावर पुन्हा यावे. सकाळची गर्दी कुठल्या कुठे गेलेली असते. चहा, पाण्याची बाटली, वडापाव आणि फार तर एक थाळी, एवढ्यावर पाहुण्याने आपली बोळवण केलेली असते. पैसा तो खर्च करतोच, पण जिथे रात्री पाठ टेकतो तिथे.

या धंद्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. जगभर पर्यटनाचा हिशेब करणारे लोक गाड्या मोजत नाहीत, रात्री मोजतात. चार माणसांचे कुटुंब दोन रात्री राहिले तर त्या आठ पाहुणा-रात्री झाल्या. युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय मोठ्या ऑनलाइन कंपन्यांकडून घरगुती व अल्पमुदतीच्या निवासांचे आकडे याच पद्धतीने गोळा करते. २०१९ साली या निवासांत सुमारे ५१ कोटी रात्री भरल्या. २०२० मध्ये कोरोनाने हा आकडा २७ कोटींवर आणला. २०२३ मध्ये तो सुमारे ७२ कोटी आणि २०२४ मध्ये ८५ कोटींच्या पुढे गेला. म्हणजे संकट टळल्यावर माणूस नुसता परतला नाही, तर मोठ्या हॉटेलाऐवजी कुणाच्या तरी घरच्या खोलीत राहायला अधिक संख्येने आला. ही हवा आपल्याकडेही पोहोचली आहे. अलिबाग, काशीद, दिवेआगर, श्रीवर्धन या किनाऱ्यावरच्या गावांत घरगुती खोल्यांचा धंदा उभा राहून बरीच वर्षे झाली. त्याच रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर मात्र समुद्र नाही म्हणून मागे राहिले.

समुद्र नाही हे खरे, पण बाकी काय कमी आहे? महाडपासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास रायगड. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात हे दोन्ही आहेत. दोन जागतिक वारसास्थळांच्या मध्ये दोन तालुक्यांची ठाणी, असे भाग्य किती गावांना लाभते? शिवाय चवदार तळे, गांधारपाले येथील लेणी, सव गावचे गरम पाण्याचे झरे, शिवथरघळ, पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी. हे सारे एका दिवसात उरकणारे नाही. तरीही लोक एका दिवसात उरकतात आणि झोपायला महाबळेश्वर गाठतात.

याचे एक कारण मला रोपवेत दिसते. १९९६ मध्ये रायगडावर रोपवे सुरू झाला. म्हाताऱ्याकोताऱ्यांची, लेकराबाळांची मोठी सोय झाली, त्याबद्दल दुमत नाही. पण चौदाशेहून अधिक पायऱ्या चढून जाणारा माणूस थकत असे आणि थकलेला माणूस पाचाडला किंवा महाडला मुक्काम करी. आज पाच मिनिटांत वर, दोन-तीन तास गड पाहणे, पाच मिनिटांत खाली, आणि गाडीला किल्ली. प्रवास सोपा झाला की पाहुणे वाढतात, पण मुक्काम घटतो.

कशेडीचा बोगदा हे दुसरे, ताजे उदाहरण. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास तो हलक्या वाहनांना प्रथम खुला झाला. पाऊण तासाचा वळणावळणाचा घाट दहा मिनिटांवर आला. घाट चढण्यापूर्वी पोलादपूरला चहा घ्यायचा, इंजिनात पाणी घालायचे, मुलांना उलटीची गोळी द्यायची, ही पिढ्यांची सवय होती आणि त्या सवयीवर पोलादपूरच्या कितीतरी टपऱ्या, हॉटेले, गॅरेज चालत. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून रखडत चालले म्हणून आपण सगळ्यांनी शिव्या दिल्या. पण रस्ता पुरा सरळ झाल्यावर गाडी आपल्या दारात थांबायचे कारण काय उरेल, याचा विचार किती दुकानदारांनी केला आहे? वाटेवरच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्याने आता मुक्कामाच्या गिऱ्हाइकाकडे वळले पाहिजे. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

मग आज महाडमध्ये रात्री झोपतो तरी कोण? पर्यटक हे उत्तर अर्धेच आहे. महाड औद्योगिक वसाहतीत यंत्रदुरुस्तीला आलेला फिटर, तपासणीचा इंजिनियर, माल पोहोचवणारा ड्रायव्हर, औषध कंपनीचा प्रतिनिधी, हे सोमवार ते शुक्रवारचे पाहुणे. त्यांना डोंगर दिसणारी खिडकी नको असते. गरम पाणी, स्वच्छ चादर, रात्री अकराला मिळणारे जेवण आणि पावती हवी असते. पर्यटकाचा दिवस शनिवार. त्याशिवाय ठरलेल्या तारखा आहेत. ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक दिन होतो, तिथीप्रमाणेही सोहळा होतो. २० मार्चला चवदार तळ्यावर आणि २५ डिसेंबरला क्रांतिस्तंभावर राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात. त्या रात्री महाडात खोली मिळणे कठीण. लोक मंडपात, शाळेच्या पडवीत, नाहीतर आपल्याच बसमध्ये रात्र काढतात.

येथे थोडे मागे जावेसे वाटते. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला आले तेव्हा डाकबंगल्यात उतरले होते. सत्याग्रहानंतर गावात हल्ले झाले, त्या वेळी परिषदेला आलेल्या कित्येकांना मुसलमान घरांनी आसरा दिला. डिसेंबरच्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले. परिषदेला जागा द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. ही गोष्ट भाडे घेऊन केलेल्या धंद्याची नव्हे, म्हणून हिशेबात धरत नाही. पण आपल्या दारावरचे नाव वाचून बाहेरचा पाहुणा आत येईल का, अशी शंका आपल्यातले काही जण दबक्या आवाजात काढतात, त्यांनी महाडचा हा इतिहास जरूर आठवावा. आणि व्यवहारातला उपाय म्हणाल तर शिवथरघळीला किंवा गडावर जाणाऱ्या शाकाहारी कुटुंबासाठी भांडी आणि शेगडी वेगळी ठेवा, ते आधीच सांगा. बाकीच्यांना तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातले मटण आणि न्याहारीला सांदण वाढा. महाबळेश्वरच्या हॉटेलात ते मिळत नाही.

आता थोडा हिशेब. समजा, एखाद्याने चार खोल्या काढल्या. वर्षाच्या ३६५ दिवसांप्रमाणे १,४६० खोली-रात्री त्याच्याकडे विकायला आहेत. चाळीस शनिवार चारही खोल्या भरल्या तर १६० रात्री. सणासोहळ्यांचे पंधरा दिवस धरले तर आणखी ६०. एकूण २२०. म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी रात्री खोल्या रिकाम्या! १,२०० रुपये दराने उत्पन्न झाले २ लाख ६४ हजार. सारे बुकिंग ऑनलाइन कंपनीमार्फत आले आणि तिने शंभरामागे अठरा रुपये दलाली घेतली तर साडेसत्तेचाळीस हजार तिकडे गेले. आता दुसरी बाजू पाहा. कारखान्यातल्या एखाद्या इंजिनियरने एकच खोली आठवड्याचे चार दिवस धरून वर्षात २०० रात्री घेतली आणि दर फक्त ७०० ठेवला, तरी १ लाख ४० हजार आले, दलाली शून्य. शनिवारी तो गावी जातो, खोली पर्यटकाला मोकळी. शनिवारच्या झगमगाटाला भुलून या शांत गिऱ्हाइकाला परत पाठवणे हा माझ्या मते या धंद्यातला पहिला मूर्खपणा.

कारागीर बंधू म्हणतील, आमच्याकडे चार खोल्या नाहीत, आम्हाला याचे काय? त्यांच्यासाठीच खरे तर हा लेख आहे. एक खोली मांडायची म्हणजे सुताराची खाट, पिंजाऱ्याची गादी आणि उशी, शिंप्याचे पडदे, रंगाऱ्याचे दोन हात, वायरमन आणि प्लंबर. हे एकदाचे काम झाले. पण पाहुणा रोज बदलला की चादर रोज धुवावी लागते, धोबी आणि इस्त्रीवाला कायमचे लागले. सकाळचा पाव बेकरीतून, अंडी कोपऱ्यावरून, गडावर न्यायला जीप किंवा रिक्षा. कापूस पिंजण्याचा धंदा फोमच्या गाद्यांनी बसवला हे खरे, पण दमट हवेत फोमला वास धरतो, कापसाची गादी उन्हात टाकून पुन्हा पिंजता येते. वर्षाचे पिंजून देण्याचे काम ठरवून घेणारा कारागीर मला अजून भेटायचा आहे.

घरांचे म्हणाल तर महाड, पोलादपूर आणि खाडीकाठच्या गावांत आपल्या लोकांनी आखाती देशांच्या कमाईवर बांधलेली चांगली पक्की घरे आहेत. त्यातली कितीतरी वर्षाचे अकरा महिने कुलूपबंद असतात. किल्ली चाचाकडे, पंखे जाळ्यांत, भिंतींना ओल. ही घरे पाहुण्यांसाठी उघडावीत असे सुचवले की सगळे मान डोलावतात, पण एक मेख आहे. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांची नोंदणी होते, मात्र मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे. राज्याचीही अशी योजना आहे आणि शेतघर असेल तर २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. तेव्हा आधी घरात कोण राहणार ते ठरवा, मग अर्ज करा. पाहुणा परदेशी पासपोर्टवर आला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते, यात कुचराई नको.

कराचेही समजून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. परंतु बुकिंग ऑनलाइन कंपनीमार्फत आले तर तुमची नोंदणी नसली तरी तो कर कंपनी भरते आणि पाहुण्याकडून वसूल करते. थेट फोनवर आलेल्या पाहुण्याला म्हणूनच खोली स्वस्त पडते. भांडवलासाठी व्याजाच्या फेऱ्यात पडायचे नसेल त्याने चार खोल्यांचा हट्ट सोडून एकाच खोलीपासून सुरुवात करावी. वर्षभराची वही पाहून दुसरी काढावी.

राहता राहिला पाऊस. युरोपात जुलै-ऑगस्ट हा सर्वांत तेजीचा काळ, आपल्याकडे तेच दोन महिने धोक्याचे. धबधबे पाहायला पोरे येतात, पण जुलै २०२४ मध्ये रायगडावर मुसळधार पावसात पर्यटक अडकले होते. आंबेनळी आणि वरंध घाटांत दरडी कोसळतात. ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा जुना पूल एस.टी. बसेससह वाहून गेला. २२ जुलै २०२१ च्या रात्री महाड शहर पाण्यात बुडाले, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. म्हणून नदीकाठी घर असलेल्याने पाहुण्यांच्या खोल्या वरच्या मजल्यावरच काढाव्यात, तळमजल्यावर फार तर जेवणाची बाके ठेवावीत. विजेचा मीटर आणि पंपाची मोटार २०२१ च्या पाण्याची खूण जिथे आहे तिच्या वर बसवून घ्यावी. हवामान खात्याने लाल इशारा दिला की बुकिंग स्वतः फोन करून रद्द करावे आणि आगाऊ घेतलेले पैसे त्याच दिवशी परत पाठवावेत. तो पाहुणा बहुधा डिसेंबरात पुन्हा फोन करतो.